मधुमेह आणि कमी वजन: वजन वाढवायचं कसं, पायरीपायरीने

मधुमेहाबद्दलचा बहुतेक सल्ला वजन उतरवण्याचा असतो. तेल कमी करा, धान्य कमी करा, रात्री हलकं खा. ज्याच्या अंगावर आधीच मांस नाही त्याने हा सल्ला इमानाने पाळला तर तो आणखी वाळतो. रिपोर्टमध्ये शुगर बरी दिसते, म्हणून सगळं ठीक चाललंय असं त्याला आणि घरच्यांना वाटत राहतं. आतून मात्र स्नायू झिजत असतात, जखमा भरायला वेळ लागतो आणि साध्या तापातही माणूस गळून जातो.

वजन वाढवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी वजन का उतरलं ते शोधायचं, मग शुगर लघवीवाटे वाया जाणं थांबवायचं, आणि त्यानंतर ताटात भर घालायची. हा क्रम उलटा केला की कितीही खा, अंगी लागत नाही.

लेखात ‘शुगर’ म्हणजे रक्तातली साखर आणि ‘साखर’ म्हणजे डब्यातली. शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचं ग्लुकोमीटर मिलिमोलमध्ये आकडा दाखवत असेल तर इथल्या आकड्याला १८ ने भागा.

पायरी १: वजन खरंच कमी आहे का, ते मोजा

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय. तो १८.५ पेक्षा कमी असेल तर वजन कमी धरतात. उदाहरणार्थ, उंची १६५ सेंटीमीटर असेल तर १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२, आणि त्याला १८.५ ने गुणलं की साधारण ५०.४ किलो येतात. या उंचीच्या माणसाचं वजन ४६ असेल तर बीएमआय १६.९, म्हणजे चांगलंच कमी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे की वजन पहिल्यापासून असंच आहे की उतरत आलंय. लहानपणापासून सडपातळ असलेला, वजन वर्षानुवर्षं स्थिर असलेला माणूस वेगळा आणि वर्षभरात कपडे सैल झालेला माणूस वेगळा. मुद्दाम प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा जास्त वजन गेलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडे जायचं.

बीएमआय १६ च्या खाली असेल, किंवा गेले आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर घरी एकदम जास्त खायला सुरुवात करू नका. फार उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की इन्शुलिनच्या जोरावर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, रक्तातलं त्यांचं प्रमाण कोसळतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी रक्ततपासण्या करत, थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी१ देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार हळूहळू वाढवतात.

पायरी २: वजन का उतरलं, ते शोधा

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अपुरं इन्शुलिन. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती सगळीच्या सगळी परत शोषून घेऊ शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते. एक ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ४ कॅलरी. दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज वाहून गेलं तर ४०० कॅलरी गेल्या, म्हणजे जवळपास एक जेवण. शिवाय पेशींना ग्लुकोज मिळत नाही, म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. भूक भरपूर, खाणं भरपूर, तहान आणि लघवी जास्त आणि तरी वजन उतरतंय, असं असेल तर कारण बहुधा इथेच आहे.

सडपातळ माणसाला ‘टाइप २’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या असतील आणि त्यांचा गुण येत नसेल, तर निदान पुन्हा तपासून घ्या. प्रौढ वयात हळूहळू सुरू होणारा, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करणारा मधुमेह सुरुवातीला टाइप २ सारखाच दिसतो. सी-पेप्टाइड तपासणीतून शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय ते कळतं आणि जीएडी अँटिबॉडी तपासणीतून त्या पेशींवर हल्ला चाललाय का ते कळतं. या दोन तपासण्यांनी पुढचा सगळा उपचार बदलू शकतो.

दुसरं कारण स्वादुपिंडाचं. जुना स्वादुपिंडदाह असेल तर इन्शुलिनबरोबर पाचकरसही कमी पडतात. शौच फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारी असेल तर अन्नातली चरबी पचत नाहीये. अशा माणसाने तूप-लोणी कितीही वाढवलं तरी ते न पचताच बाहेर पडतं. त्याला पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, आणि त्या जेवताना, पहिल्या घासापासून घ्यायच्या असतात. जेवण आटोपल्यावर घेतल्या तर अन्नात नीट मिसळत नाहीत. पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह निघाला आणि सोबत वजन उतरतंय, पोटात किंवा पाठीत दुखतंय, तर पोटाचं स्कॅन लांबणीवर टाकू नका. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी अशी होते.

यादीतली बाकीची कारणं: थायरॉइड जास्त काम करणं, क्षयरोग, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होणारा सीलिअॅक आजार (टाइप १ असणाऱ्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो), मूत्रपिंडाचा आजार, नैराश्य आणि दात. दातांची आठवण सहसा कुणाला होत नाही. हिरड्या दुखतात म्हणून माणूस मऊ मऊ, पिठूळ तेवढं खातो आणि प्रथिनं ताटातच राहतात.

पायरी ३: औषधांची यादी समोर ठेवा

काही औषधं वजन उतरवतात, आणि जाड माणसासाठी तो फायदाच असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या शुगर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात, दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. म्हणजे २४० ते ३२० कॅलरी रोज गेल्या. ज्याच्या शरीरात इन्शुलिनच कमी आहे अशा सडपातळ माणसाला या गोळ्यांवर आणखी एक धोका आहे: शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही औषधं भूक मारतात. मेटफॉर्मिनने काहींची भूक मंदावते, मळमळतं, जुलाब होतात. वर्षानुवर्षं घेतल्यावर त्याने बी१२ ही कमी पडू शकतं.

यातलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. काही गोळ्या हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठीही दिलेल्या असतात. डॉक्टरांना थेट विचारा: “माझं वजन कमी आहे आणि मला ते वाढवायचं आहे. या यादीत वजन उतरवणारं काय आहे आणि त्याला पर्याय आहे का?” हा प्रश्न विचारला नाही तर नेहमीचंच प्रिस्क्रिप्शन पुढे चालू राहतं.

डॉक्टर इन्शुलिन सुचवत असतील तर त्याला शिक्षा समजू नका. इन्शुलिन अन्न पेशींपर्यंत पोहोचवतं आणि स्नायूंची मोडतोड थांबवतं. वाळलेल्या माणसाचं वजन योग्य इन्शुलिन सुरू झाल्यावर बरेचदा आहारात मोठा बदल न करताही वाढायला लागतं. पहिल्या काही दिवसांत वाढलेला किलो-दीड किलो बहुतांशी पाण्याचा असतो, कारण आधी शरीर सुकलेलं असतं. ती भर मोजणीत धरू नका.

शुगर फार वाढलेली असेल तर ती एका झटक्यात खाली आणण्याचा हट्टही नको. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांत २ पेक्षा जास्त अंकांनी घसरलं तर काहींना पायांत तीव्र आग, वेदना सुरू होतात आणि डोळ्याच्या पडद्याचा जुना आजार तात्पुरता चिघळू शकतो. म्हणून इन्शुलिन सुरू करताना किंवा वाढवताना डोळ्यांचा पडदा तपासून घेतलेला बरा. आणखी एक लक्षात ठेवा: कमी वजनाबरोबर अॅनिमियाही असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवा.

इंजेक्शन घेण्याची पद्धत, विशेषतः बारीक माणसासाठी

इथे थोडं थांबू, कारण शुगर वर-खाली होत राहण्यामागे डोसइतकीच जागाही कारणीभूत असते. बारीक माणसाच्या त्वचेखाली चरबीचा थर पातळ असतो. लांब सुई असेल तर ती थेट स्नायूत जाते, इन्शुलिन भराभर शोषलं जातं आणि शुगर अचानक लो होते. इन्शुलिनच्या पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई वापरा. अंगठा आणि पहिल्या बोटाने त्वचेची घडी अलगद उचला, सुई सरळ टोचा, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा, सुई बाहेर काढा आणि मग घडी सोडा.

रोज एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठ धरते. ती डोळ्यांनी दिसेलच असं नाही. थोडं तेल किंवा साबणाचा फेस लावून बोटांची टोकं पोटावरून, मांडीवरून सावकाश फिरवा. कुठे रबरासारखं घट्ट किंवा फुगीर लागलं की ती गाठ. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तीच जागा निवडतो आणि इन्शुलिन आज अर्धं शोषलं जातं, उद्या पूर्ण. ती जागा काही महिने सोडून द्या. दोन टोचण्यांत निदान बोटाच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. मात्र गाठ सोडून चांगल्या जागी आलात की तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस बहुधा थोडा कमी करावा लागतो.

पायरी ४: किती वाढवायचं ते ठरवा

उपाशीपोटी शुगर बहुतेक दिवशी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत राहू लागली, की ताटात भर घालायची वेळ आली. वयस्कर किंवा आजारी माणसासाठी डॉक्टर थोडे सैल आकडे देतील, तेच पाळायचे.

पुस्तकी हिशेबाने वजन टिकवायला दर किलोमागे ३० ते ३५ कॅलरी लागतात. पण त्याहून भरवशाची रीत म्हणजे तीन दिवस जे खाल ते सगळं वजन-मापासकट लिहून काढणं. वाटी म्हणजे किती, चमचा म्हणजे कोणता, हे एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहून घ्या. ‘मी भरपूर खातो’ म्हणणाऱ्या कित्येकांचं खाणं या वहीत फारच कमी निघतं.

निघालेल्या आकड्यावर रोजच्या ३०० ते ५०० कॅलरी वाढवा. एक किलो वजन वाढायला अंदाजे ७,७०० कॅलरी लागतात, म्हणजे आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा योग्य वेग. त्याहून वेगाने वाढवायला गेलात तर वाढ पोटावरच्या चरबीची होते आणि शुगरही हाताबाहेर जाते. पहिल्या आठवड्यात २०० कॅलरींनीच सुरुवात करा. पोटालाही सवय व्हावी लागते.

प्रथिनं दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. ४६ किलोच्या माणसाला रोज ५५ ते ६९ ग्रॅम. ती एकाच जेवणात न कोंबता दर जेवणाला २० ग्रॅमच्या आसपास विभागा. स्नायू बनायला अशी विभागणी जास्त उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही. तिथे प्रथिनं साधारण ०.८ ग्रॅमवर ठेवतात, म्हणून प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.

पायरी ५: भर कशाची घालायची

पाचशे कॅलरी फक्त साखर-पिठातून वाढवायच्या तर १२५ ग्रॅम कर्बोदकं लागतील. शुगर उसळणारच. तेच पाचशे असे वाढवून पाहा:

सकाळच्या खाण्यात २ उकडलेली अंडी: १४० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं जवळजवळ नाहीत.
दोन जेवणांच्या मध्ये ३० ग्रॅम शेंगदाणे: १७० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम कर्बोदकं.
दोन्ही जेवणांत भाजी किंवा डाळीवर प्रत्येकी १ चहाचा चमचा तेल वरून: ८० कॅलरी.
रात्री २०० मिलिलिटर सायीचं दूध, बिनसाखरेचं: १२५ कॅलरी, साधारण ७ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम कर्बोदकं.

बेरीज केली तर ५१५ कॅलरी, २६ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम १६ ग्रॅम कर्बोदकं. पोटाला जड होत नाही, कारण भर चार ठिकाणी वाटली आहे.

अंडी चालत नसतील तर तिथे ५० ग्रॅम पनीर (साधारण १४० कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं) किंवा टोफू घ्या. दूध पचत नसेल तर दही घ्या, किंवा बिनसाखरेचं सोया दूध. शेंगदाणे चावत नसतील तर बारीक वाटून दह्यात मिसळा. ज्या माणसाचं पोट दोन घासांत भरतं, त्याच्यासाठी खाण्याचं आकारमान तेच ठेवून त्यात कॅलरी भरायच्या: भाताचे दोन घास वाढवण्यापेक्षा आहे त्या भातात चमचाभर तेल आणि डाळीचं दाट वरण, सुपात दुधाची पावडर, भाजीत दाण्याचं किंवा तिळाचं कूट.

तेल, शेंगदाणे, बदाम, अक्रोड, तीळ, मासे यांतली चरबी हृदयाला चालते. लोणी, साय, वनस्पती तूप यांवर सगळा भार टाकू नका. मधुमेहात हृदयविकाराचा धोका बारीक माणसालाही असतो. वजन वाढवायचं म्हणून कोलेस्टेरॉलची तपासणी सोडून देता येत नाही.

आणि कर्बोदकं? ती पूर्ण तोडू नका. शुगरच्या धास्तीने धान्य सोडून दिलेली बारीक माणसं आणखी वाळतात, कारण मग शरीर प्रथिनं इंधन म्हणून जाळतं. दर जेवणात ४० ते ५० ग्रॅम, मधल्या खाण्यात १० ते १५ ग्रॅम, असं दिवसभर सारखं वाटून घ्या. शिजलेला १५० ग्रॅम भात म्हणजे अंदाजे ४२ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरडे ओट्स म्हणजे २७ ग्रॅम, मध्यम केळं तेवढंच. जेवताना आधी प्रथिनं आणि भाजी, धान्य शेवटी, हा क्रम ठेवला की जेवणानंतरची उसळी कमी होते. पण कच्च्या भाज्यांचं भरगच्च सॅलड सुरुवातीलाच खाल्लं तर पोट त्यानेच भरतं. ते जाड माणसाचं तंत्र आहे, तुम्ही भाजी शिजवून आणि मोजकी घ्या. पाणीही जेवणाआधी ग्लासभर नको, नंतर प्या.

मिसळून प्यायचे पदार्थ आणि पावडरी

भूक नसेल तेव्हा खाण्यापेक्षा पिणं सोपं जातं. २०० मिलिलिटर दूध, २ मोठे चमचे म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास बिनसाखरेचं पीनट बटर आणि २० ग्रॅम दुधाची पावडर घुसळा: अंदाजे ३८० कॅलरी, २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं आणि साधारण २६ ग्रॅम कर्बोदकं. अर्धा पेला दुपारी, अर्धा संध्याकाळी. एकदम संपवला तर पुढच्या जेवणाची भूक जाते.

‘वजन वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पावडर घेण्याआधी डबा उलटा करून घटक वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप किंवा डेक्स्ट्रोज असेल तर तो डबा परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण शुगर जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने वाढवतं. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्यातही ते सापडतं, म्हणून फक्त साखरेचा नाही, एकूण कर्बोदकांचा रकाना बघा.

पायरी ६: खाणं वाढलं की शुगर पुन्हा मोजा

दर बदलानंतर निदान तीन दिवस उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपण्याआधी मोजणी लिहा. तेल आणि प्रथिनं वाढली की शुगर उशिरा चढते, म्हणून एक-दोन वेळा चार तासांनीही पाहा. दोन तासांनी १४० आणि चार तासांनी २१० असा प्रकार एरवी लक्षातच येत नाही.

आकडे चढले तर वाढवलेलं खाणं लगेच कमी करायची चूक बरेच जण करतात. आधी डॉक्टरांना वही दाखवा. खाणं वाढलं की औषध किंवा इन्शुलिन वाढावं लागणं साहजिक आहे. उलट, ज्या दिवशी भूक नाही आणि जेवण निम्मंच झालं, त्या दिवशी जेवणाच्या इन्शुलिनचं काय करायचं, हेही आधीच विचारून, लिहून ठेवा.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम पटकन चढणारी कर्बोदकं घ्या. घरच्या सपाट चहाच्या चमच्याने साखर साधारण साडेतीन ते चार चमचे होते, पाण्यात विरघळवून प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे वेळ लागतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेत असाल तर साखर उपयोगाची नाही, थेट ग्लुकोज पावडर लागते, कारण ही औषधं साखर फोडणारं एन्झाइमच अडवतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. बारीक माणसाच्या यकृतात ग्लुकोजचा साठा कमी असतो, त्यामुळे रात्री लो होण्याची भीती जास्त. झोपताना दूध किंवा दही-दाणे घेण्याचा हाही एक उपयोग.

पायरी ७: स्नायूंना काम द्या

नुसतं खाऊन वाढलेलं वजन बरंचसं चरबीचं असतं. स्नायू वाढले तर दुहेरी लाभ, कारण जेवणातून आलेलं ग्लुकोज सर्वांत जास्त तेच खेचून घेतात.

आठवड्यात तीन दिवस, एक दिवस आड, वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, रबराचा पट्टा दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं, आणि टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, अशा दोन फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. दोन्ही फेऱ्यांत १२ सहज व्हायला लागले की वजन किंवा पट्ट्याचा ताण थोडा वाढवा. महिनोन्महिने त्याच सोप्या १२ वर थांबलं तर स्नायू वाढत नाहीत. तासभर भरभर चालणं मात्र आवरतं घ्या, वाढवलेल्या कॅलरी त्यातच जातात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी पुरे.

इन्शुलिन किंवा लो करणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि व्यायामाआधी शुगर ९० च्या खाली असेल तर १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं घेऊनच सुरू करा. २५० च्या वर असेल आणि लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत कीटोन निघाले तर त्या दिवशी व्यायाम नको. डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर श्वास रोखून जड उचलणं टाळा, त्यात रक्तस्राव होऊ शकतो. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको.

पोट लवकर भरतं, मळमळतं, ढेकर येतात

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठराच्या नसा मंद पडतात आणि अन्न तासन्‌तास पोटात पडून राहतं. ओळखायची खूण अशी: जेवणानंतर लगेच शुगर लो आणि बऱ्याच तासांनी अचानक जास्त. या माणसाला वरचा तेल-दाण्यांचा सल्ला उलटा बसतो, कारण चरबी आणि तंतुमय पदार्थ जठर आणखी संथ करतात. त्याने सहा लहान जेवणं घ्यायची, अन्न मऊ शिजवून वाटून घ्यायचं, कॅलरीचा बराच भाग पातळ पदार्थांतून घ्यायचा आणि जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. जेवणाच्या इन्शुलिनची वेळही बदलावी लागते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पायरी ८: मोजणी आणि दुरुस्ती

आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा आणि दोन्ही आकड्यांची सरासरी लिहा. दर दोन आठवड्यांनी कंबर, दंड आणि पोटरीचा घेर टेपने मोजा. दंड आणि पोटरी भरतेय, कंबर जागेवर आहे, म्हणजे गाडी रुळावर आहे. फक्त कंबर वाढत असेल तर व्यायाम किंवा प्रथिनं कमी पडतायत.

तीन आठवडे वजन हललं नाही तर आधी शुगरची वही पाहा. दिवसाचा बराच वेळ १८० च्या वर जात असेल तर गळती अजून चालू आहे आणि खाणं वाढवून फायदा नाही. शुगर नीट असेल तर आणखी १५० ते २०० कॅलरी वाढवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पावलांवर बोट दाबल्यावर खळगा पडत असेल तर ते पाणी आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा पायोग्लिटाझोनसारखं औषध कारण असू शकतं, लगेच दाखवा.

प्रचंड तहान, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी, यांतलं काही दिसलं किंवा कीटोन मध्यम वा जास्त निघाले तर थेट रुग्णालय गाठा, शुगरचा आकडा काहीही असो. आजारपणात जेवण जात नाही म्हणून दीर्घकाळ काम करणारं इन्शुलिन पूर्ण बंद करणं हे कीटोअॅसिडोसिसचं नेहमीचं कारण आहे.

ठरवलेलं वजन आलं की वाढवलेल्या कॅलरी एकदम काढू नका. दर दोन आठवड्यांनी १०० कॅलरी कमी करत जा आणि वजन जिथे स्थिर राहतं तिथे थांबा. प्रथिनं आणि व्यायाम तसेच ठेवा. स्नायू वाढल्यावर इन्शुलिनची गरज बदललेली असते, तेव्हा याच काळात एचबीए१सी, मूत्रपिंड आणि डोस पुन्हा तपासून घ्या.